१२३४५६७८९८७६५४३२१ : सतरा अंकी संख्या वहीत कशी उलगडायची

१२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि नवावरून पुन्हा एकापर्यंत उतरायचं. मुलांना ही संख्या दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेल्या जिन्यासारखी दिसते. मलाही अजून तशीच दिसते. उजवीकडून वाचा की डावीकडून, तीच. पण दिसायला देखणी आहे एवढ्यावर थांबलं तर तिच्या पोटात काय आहे ते कधीच कळत नाही.

या लेखात आपण ही एकच संख्या घेऊन शेवटपर्यंत जाणार आहोत. तिचे मूळ अवयव कोणते, तिला किती विभाजक आहेत, ती काटकोन त्रिकोणात कुठे बसते, आणि देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी संख्यांच्या ज्या जाती पाडल्या त्यांपैकी कोणत्या जातीची ती आहे, हे सगळं वहीत करायचं. चौकोनी वही, पेन्सिल, खोडरबर आणि पाढे एवढं पुरतं. आठवी-नववीच्या मुलाला यातलं जवळजवळ सगळं जमतं. एक जागा अवघड आहे, तिथे मी सावकाश जाणार आहे.

आधी नीट लिहा आणि वाचा

चौकोनी वहीत एका घरात एकच अंक लिहा. सतरा घरं भरली पाहिजेत. मोठ्या संख्यांतल्या निम्म्या चुका एखादा अंक गळल्यामुळे किंवा दोनदा लिहिल्यामुळे होतात, म्हणून प्रत्येक वेळी घरं मोजायची सवय लावा.

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी दिसते. रोजच्या भाषेत वाचायची तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटींचेही कोटी मोजावे लागतात, आणि इथेच जीभ अडखळते. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त अठरा स्थानांची नावं दिली आहेत. ती घेऊन वाचलं की प्रत्येक अंकाला स्वतःचं घर मिळतं: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. मोठ्याने वाचून बघा. परार्ध तेवढं रिकामं राहतं, बाकी सतराच्या सतरा स्थानं भरतात.

आता फोनबद्दल. साध्या कॅल्क्युलेटरला एवढे अंक बहुधा दाखवता येत नाहीत. तो पहिले काही अंक दाखवून पुढे दहाचा घात लिहितो. स्प्रेडशीटच्या चौकटीत ही संख्या टाकली तर ती १२३४५६७८९८७६५४३०० होते, कारण तिथे पंधराच अंक खरे राहतात. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ती १२३४५६७८९८७६५४३२० अशी दिसते. याचं कारण असं की दशांश संख्या साठवायच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या पद्धतीत पूर्णांक सलग आणि अचूक राहतात ते २ च्या ५३ व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत. त्यापुढे विषम संख्यांना जागाच नाही, आणि आपली संख्या त्यापुढची आणि विषम आहे. शेवटचा एक गेला की अवयव, विभाजक, सगळंच बिघडतं. म्हणून आधी वही, यंत्र शेवटी पडताळ्याला.

लहान भाजक तपासून घ्या

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद.

अंकांची बेरीज करा. १ ते ९ ची बेरीज ४५, उतरताना ८ ते १ ची ३६, एकूण ८१. तेव्हा ३ ने आणि ९ ने निःशेष भाग जातो. इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात: बेरीज ८१ आली म्हणून ८१ ने भाग जाईल असं धरून चालायचं नाही. अंकबेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच आहे. १८९९ घ्या. तिच्या अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर ९ उरतात. आपल्या संख्येला ८१ ने भाग जातो का, हे वेगळ्या वाटेने सिद्ध करावं लागेल.

७, ११ आणि १३ या तिघांना एकदम तपासता येतं, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ३२१, ६५४, ९८७, ६७८, ३४५, १२. एक गट अधिक, पुढचा उणे, असं करत जा. ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. या ३०९ ला ७ ने भागलं तर १ उरतो, ११ ने भागलं तरी १, १३ ने भागलं तर १०. तिन्ही बाद.

आता तेच गट नुसते मिळवा. बेरीज येते २९९७. ही कसोटी २७ आणि ३७ साठी आहे, कारण २७ × ३७ = ९९९, आणि हजाराला यांपैकी कशानेही भागलं तरी १ च उरतो. २९९७ म्हणजे ३ × ९९९. म्हणजे २७ नेही भाग जातो, ३७ नेही जातो. शाळेत ३७ ची कसोटी सहसा शिकवत नाहीत, याची मला खंत वाटते. गटांची बेरीज करण्यापलीकडे तिला काही लागत नाही. हे २९९७ वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

वर्गमूळ काढा

मूळ अवयव शोधताना लहानापासून मोठ्याकडे भाग देत सुटायचं ठरवलं तर वर्गमूळापर्यंत जावं लागतं. इथे वर्गमूळ दहा कोटींच्या वर आहे, आणि दहा कोटींपर्यंतच्या मूळ संख्याच ५७,६१,४५५ आहेत. एवढे भागाकार करायला जन्म पुरणार नाही. म्हणून भागाकार सुरू करण्याआधी संख्येच्या घडणीकडे बघायचं असतं. सगळ्यांत पहिला प्रश्न: ही पूर्ण वर्ग आहे का?

खुणा अनुकूल आहेत. शेवटी १ आहे. विषम वर्गाला ८ ने भागलं की १ उरावाच लागतो; इथे ३२१ = ८ × ४० + १, म्हणजे तेही जुळतं. ३ ने भाग गेला तसा ९ नेही गेला. पण खुणा म्हणजे पुरावा नव्हे. भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढूनच बघू.

उजवीकडून दोन-दोनच्या जोड्या पाडा: १ २३ ४५ ६७ ८९ ८७ ६५ ४३ २१. नऊ गट, म्हणजे वर्गमूळ नऊ अंकी.

पहिल्या गटातला १, त्याचं वर्गमूळ १, बाकी शून्य. २३ खाली घ्या. आलेल्या १ ची दुप्पट २, तिच्यापुढे १ मांडला की २१, आणि २१ × १ = २१. बाकी २.
४५ खाली घ्या, झाले २४५. ११ ची दुप्पट २२, पुढे १. २४५ − २२१ = २४.
२४६७ − २२२१ = २४६.
२४६८९ − २२२२१ = २४६८.
२४६८८७ − २२२२२१ = २४६६६.
२४६६६६५ − २२२२२२१ = २४४४४४.
२४४४४४४३ − २२२२२२२१ = २२२२२२२.
२२२२२२२२१ − २२२२२२२२१ = ०.

बाक्यांची ही रांग पेन्सिलीने एकाखाली एक लिहा: २, २४, २४६, २४६८, २४६६६, २४४४४४, २२२२२२२, ०. पहिल्या चार बाक्या फुगत जातात, मग सहा, चार आणि दोन यांच्या माळा लागतात आणि शेवटी सगळं शून्यात मिटतं. वर्गमूळ सरळ १११११११११, नऊ एक.

असं का झालं, ते त्याच पानावर दिसतं. १११११११११ ला १११११११११ ने गुणा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उभे रकाने मिळवताना पहिल्यात एक १, दुसऱ्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ, आणि पुढे पुन्हा एकेक कमी. नवाच्या वर बेरीज कुठेच जात नाही, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही. जिन्याचा आकार या न घेतलेल्या हातच्यातून आला आहे.

वर्गमूळाची फोड करा

आता सतरा अंकांऐवजी नऊ अंकांवर काम करायचं आहे. नऊ एकांना तीन-तीनच्या गटांत बघा: १११ १११ १११. म्हणजे १११ × १००१००१. पहिला भाग १११ = ३ × ३७. दुसऱ्याच्या अंकांची बेरीज ३, म्हणून १००१००१ = ३ × ३३३६६७.

तेव्हा १११११११११ = ३² × ३७ × ३३३६६७.

दुसऱ्या वाटेनेही पडताळा घ्या. १११११११११ ला ९ ने भागा. उत्तर येतं १२३४५६७९, आठ गाळून. हीच ती शाळेत मुलं एकमेकांना दाखवतात ती संख्या, जिला नवाच्या पाढ्यातल्या संख्यांनी गुणलं की १११११११११, २२२२२२२२२ असे एकाच अंकाचे ताटवे येतात. ३३३६६७ × ३७ केलं की ही १२३४५६७९ च मिळते.

मघाचा ८१ चा प्रश्नही इथे सुटला. वर्गमूळाला ९ ने भाग जातो, म्हणून वर्गाला ८१ ने जाणारच.

अवघड जागा : ३३३६६७ मूळ आहे का?

फोड करताना लोक बहुधा इथे घाई करतात. ३३३६६७ आणखी फुटत नाही असं समजून पुढे जातात. ते सिद्ध करायला हवं, नाहीतर पुढचं सगळं मोजकाम अधांतरी राहतं.

वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये आहे. ५७७ पर्यंत १०६ मूळ संख्या आहेत. एकशे सहा भागाकार कंटाळवाणे आहेत, पण करता येतात. त्याहून चांगली वाट मात्र आहे, आणि ती या संख्येच्या घडणीतूनच निघते.

समजा एखाद्या मूळ संख्येने ३३३६६७ ला निःशेष भाग जातो. मग तिने १११११११११ लाही जाईल आणि ९९९९९९९९९ लाही. म्हणजे दहाच्या नवव्या घाताला तिने भागलं की १ उरेल. याचा अर्थ, एक भागिले ती संख्या असा दशांश अपूर्णांक काढला तर त्यातले अंक नऊ-नऊ घरांनी परत येतात. आवर्तनाची खरी लांबी ९ असेल, किंवा नवाचा विभाजक म्हणजे १ किंवा ३. लांबी १ असेल तर ती संख्या ९ ला भागणारी, म्हणजे ३. लांबी ३ असेल तर ती ९९९ ला भागणारी, म्हणजे त्यात नवी एकटी ३७. हे दोन आधी काढून टाकू: ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ नाही; ३७ × ९०१८ = ३३३६६६, एक उरतो, म्हणून ३७ ही नाही.

राहिल्या त्या सगळ्यांचं आवर्तन नेमकं ९ लांबीचं. आणि फ्रेंच गणिती फर्माने १६४० मध्ये सांगितलेल्या नियमानुसार आवर्तनाच्या लांबीने, मूळ संख्येतून एक वजा करून आलेल्या संख्येला निःशेष भाग गेलाच पाहिजे. मूळ संख्या विषम, म्हणून एक वजा केल्यावर ती सम. नऊनेही भाग जातो आणि दोननेही, म्हणजे १८ ने जातो. थोडक्यात, आपल्याला हवी असलेली मूळ संख्या १८ च्या पटीत एक मिळवून येणारीच असली पाहिजे.

५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच आहेत आणि त्यांतली ३७ आपण तपासलीच. उरले सोळा भागाकार. मी ते एका संध्याकाळी सलग केले, बाक्या अशा येतात: १९ ने भागलं तर ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११ आणि ५७७ ने १६१. एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ आहे, आणि आता ते ऐकीव राहिलं नाही.

एकशे सहाचे सोळा कसे झाले, हे मुलांना दाखवताना घाई करू नका. यंत्राला एकशे सहा आणि सोळा सारखेच वाटतात. माणसाला वाटत नाहीत, आणि त्या फरकातूनच हे गणित जन्मलं आहे.

कोपऱ्यातलं २९९७ आता बघा. ९९९९९९९९९ भागिले ३३३६६७ बरोबर २९९७. म्हणून एक भागिले ३३३६६७ चा दशांश ०.०००००२९९७ ०००००२९९७ असा नऊ-नऊ घरांनी फिरत राहतो.

फोड हाती आली, आता विभाजक

आपली संख्या = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

विभाजक मोजायला प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार: ५ × ३ × ३ = ४५. विषम संख्येत विभाजक आले, ते येणारच. पूर्ण वर्गाचे विभाजक जोडीजोडीने लावले की वर्गमूळ एकटं मध्ये उरतं. इथे बावीस जोड्या आणि मधोमध १११११११११.

पंचेचाळीसच्या पंचेचाळीस लिहायचे असतील तर आधी ३ आणि ३७ चे पंधरा लिहा: १, ३, ९, २७, ८१, मग ३७, १११, ३३३, ९९९, २९९७, मग १३६९, ४१०७, १२३२१, ३६९६३, ११०८८९. यांना एकदा ३३३६६७ ने आणि एकदा त्याच्या वर्गाने गुणलं की उरलेले तीस मिळतात. १२३२१ या रांगेत आहे हे लक्षात आलं का? तीन एकांचा वर्ग, म्हणजे छोटा जिना, मोठ्या जिन्याला निःशेष भागतो. २९९७ इथेही आहे.

सगळ्या विभाजकांची बेरीज तीन कंसांच्या गुणाकाराने येते. पहिला कंस १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. दुसरा १ + ३७ + १३६९ = १४०७. तिसऱ्यासाठी ३३३६६७ चा वर्ग हवा, तो १११३३३६६६८८९. मिळून तिसरा कंस १११३३४०००५५७. तिघांचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९.

एवढा लांब गुणाकार केला की पडताळा घ्यायलाच हवा, आणि तो सोपा आहे. १२१ ला ११ ने भाग जातो, १४०७ ला ७ ने, तिसऱ्या कंसाला १३ ने. म्हणजे उत्तराला तिघांनीही गेला पाहिजे. गट पाडा आणि अधिक-उणे करा: ५७९ − ८२७ + ५९२ − २७९ + ९५४ − १८ = १००१. म्हणजे नेमका ७ × ११ × १३! गुणाकार जुळल्याचा असा आनंद क्वचितच मिळतो.

या बेरजेतून आपली सतरा अंकी संख्या वजा केली की स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज मिळते: ६६०८६००६०५१७३२५८. ती आपल्या संख्येच्या निम्म्याहून थोडीशीच जास्त आहे. विभाजकांची बेरीज संख्येएवढी झाली तर ती परिपूर्ण, कमी पडली तर न्यून. आपली न्यून आहे.

कापरेकरांच्या कसोट्या

कापरेकरांचा जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या त्यांच्या स्थिरांकामुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण आपल्या संख्येशी त्यांचं नातं त्याहून जवळचं आहे. अशा संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. मुंबईहून सुमारे ३० मैलांवर, त्या काळच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेवरचं डेम्लो स्टेशन, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे त्यांना ही कल्पना सुचली. रोज त्या फलाटावर उभे राहणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, असं मला नेहमी वाटतं.

डेम्लो संख्येची खूण अशी: मधला भाग एकाच अंकाचा, आणि डावा-उजवा भाग मिळवला की तोच अंक माळेसारखा परत येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, मध्येही ५. आपल्या संख्येत मधोमध ९. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा: ९९९९९९९९.

दुसरी कसोटी हर्षद संख्येची. हर्ष देणारी ती हर्षद, हे नावही त्यांचंच. अंकांच्या बेरजेने त्या संख्येलाच निःशेष भाग गेला की ती हर्षद. बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे आपण सिद्ध केलंय. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, आणि तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. आता १, १२१, १२३२१ पासून आपल्या संख्येपर्यंतचे नऊ जिने घ्या. प्रत्येकाची अंकबेरीज म्हणजे जितके एक, त्याचा वर्ग. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की चार एकांच्या ११११ ला ४ ने भाग जातो का, सात एकांना ७ ने जातो का. सम आकड्यांनी कधीच जात नाही, पाचाने नाही, सातानेही नाही. नऊ जिन्यांत हर्षद फक्त तीन: १, १२३२१ आणि आपला.

तिसरी कसोटी मला सर्वांत आवडते. २१ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज ३ मिळवली की २४ होतात, म्हणून २१ ही २४ ची जनक. २० ला मात्र अशी जनक नाहीच, कितीही शोधा. अशा बिनजनकाच्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. १२३४५६७८९८७६५४३२१ स्वयंभू आहे का?

सतरा अंकांची बेरीज जास्तीत जास्त १५३. आपल्या संख्येला ९ ने भाग जातो, त्यामुळे जनकालाही ९ ने गेला पाहिजे, आणि जनकाची अंकबेरीज ९ च्या पटीतच येणार. म्हणजे ९, १८, २७ पासून १५३ पर्यंत सतराच शक्यता. प्रत्येक वेळी तेवढे वजा करा आणि आलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज बघा. सोय अशी की फक्त शेवटचे तीन अंक बदलतात, आधीच्या चौदांची बेरीज ७५ कायम. ९ वजा केले तर शेवटी ३१२, बेरीज ८१. ९ हवी होती, म्हणून नाही. २७ वजा केले तर २९४, बेरीज ९०. नाही. असं करत ८१ वर या: शेवटी २४०, बेरीज ७५ + ६ = ८१. जुळलं! पुढच्या आठही तपासा. बेरीज दर वेळी ८१ किंवा ९० येते आणि वजा केलेल्या आकड्याशी एकदाही जुळत नाही.

म्हणजे ही संख्या स्वयंभू नाही. तिला एकच जनक आहे, १२३४५६७८९८७६५४२४०, आणि तिच्याही अंकांची बेरीज ८१.

दोन वर्गांची बेरीज

फोडीत ३७ आहे, आणि ३७ ला ४ ने भागलं तर १ उरतो. अशी मूळ संख्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण होते: १२² + ३५² = ३७². उरलेल्या ३ आणि ३३३६६७ यांना ४ ने भागलं तर ३ उरतात, त्यांच्याकडून नवा त्रिकोण मिळत नाही. त्या फक्त त्रिकोणाला मोठा करतात. ९ × ३३३६६७ = ३००३००३. तिन्ही बाजूंना याने गुणा.

३६०३६०३६² + १०५१०५१०५² = १२३४५६७८९८७६५४३२१

शून्य सोडून दोन वर्गांच्या बेरजेत ही संख्या मांडायची हीच एक रीत आहे. वर्ग काढून बघायचे असतील तर पहिला १२९८५९५८९०५९३२९६ आणि दुसरा ११०४७०८३०९७०६१०२५.

आता यंत्राने पडताळा

वहीतलं सगळं झाल्यावर पायथॉन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा उघडा. फोनवरही चालतं. त्यात पूर्णांकांच्या लांबीला ठरीव मर्यादा नाही, त्यामुळे सतराच्या सतरा अंक शाबूत राहतात. भागाकाराला दुहेरी तिरकी रेघ वापरा. एकेरी रेघेने उत्तर दशांश स्वरूपात जातं आणि ते लांब असेल तर शेवटचे अंक पुन्हा हरवतात. वर्गमूळासाठीही पूर्णांकांचं वर्गमूळ काढणारी सोय घ्या, नेहमीची नको.

हे सगळं जमलं की दहा एकांचा वर्ग घ्या. मधल्या रकान्यात दहा एक येतात आणि पहिल्यांदाच हातचा घ्यावा लागतो. तिथे शून्य लिहायचं, हातचा एक. डावीकडच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा शून्य. त्याच्याही डावीकडचे आठ हातच्यामुळे नऊ होतात. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठवी पायरी गायब झाली. अंकांची बेरीज ८२, आणि संख्या विषम, तेव्हा हर्षद नाही. दहा एकांच्या फोडीची सुरुवात ११ ने करा आणि पुढे १०१०१०१०१ कडे नीट बघा.